'डिबंक' या क्रियापदाचा अर्थ काय आणि ते कुठून आले?

तथ्य पडताळणीच्या बातम्यांत 'व्हायरल दावा डिबंक केला' असे वाचून आपण हा प्रश्न विचारला आहे. लोक खरी मानत असलेली गोष्ट खोटी किंवा अवास्तव फुगवलेली आहे, हे उघड करून दाखवणे म्हणजे डिबंक करणे. यातले 'डि' काढून टाकणे सुचवते आणि जे काढायचे ते 'बंक', म्हणजे पोकळ बडबड. कॉलेजचा तास 'बंक' करण्याशी याचा संबंध नाही.

'बंक'चे मूळ एका नेमक्या जागी सापडते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात बन्कम नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. १८२० साली, मिसूरीला गुलामगिरीसह राज्याचा दर्जा द्यावा की नाही या प्रश्नावर अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात दीर्घ वाद चालला होता. सदस्य कंटाळून मतदानाची मागणी करत होते आणि नेमके तेव्हा त्या भागाचे प्रतिनिधी फेलिक्स वॉकर भाषणाला उभे राहिले. आवरते घ्या म्हणणाऱ्यांना त्यांनी सांगितले, की आपण सभागृहासाठी नव्हे, तर बन्कमसाठी बोलत आहोत. मतदारांना दाखवण्यापुरत्या भाषणाला त्यावरून 'बन्कम' म्हणू लागले, पुढे कोणतीही थापेबाजी त्यात आली आणि शब्द आखडून 'बंक' झाला. १९२३ साली अमेरिकी लेखक विल्यम वुडवर्ड यांनी 'बंक' याच नावाच्या कादंबरीत 'डिबंक' हे क्रियापद वापरले आणि ते रूढ झाले. तीनच वर्षांनी त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांचे, भोवतीचे वलय बाजूला सारणारे चरित्रही लिहिले.

मराठीत याला सरसकट 'खंडन करणे' म्हणतात, ते मला भाषांतर करताना खटकते. 'खण्ड्' म्हणजे तोडणे या संस्कृत धातूपासून आलेला हा शब्द शास्त्रार्थात प्रतिपक्षाचे मत युक्तिवादाने मोडण्यासाठी वापरला गेला. पण आजच्या वर्तमानपत्रात 'मंत्र्यांनी वृत्ताचे खंडन केले' याचा अर्थ त्यांनी ते नाकारले एवढाच होतो, पुरावा दिला असे नव्हे. मुद्दा असेल तर 'खोडून काढणे' आणि बडेजाव मिरवणारी व्यक्ती असेल तर 'पितळ उघडे पाडणे' हे मला अधिक जवळचे वाटते, कारण सोन्याचा मुलामा उडून खालचा धातू दिसणे हीच डिबंकमागची कल्पना आहे. 'जन गण मन'ला युनेस्कोने सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवल्याचा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याच्या बातमीत मात्र मी 'दावा खोटा ठरला' एवढेच लिहीन.