बॅटरी साठवणुकीच्या धंद्यात उतरतोयस? आधी एवढं बघ

मित्रा, हा धंदा म्हणजे वीज स्वस्त असताना मोठ्या बॅटऱ्यांत भरून ठेवायची आणि महाग असताना परत द्यायची. पाटणकडे पठारावर जमीन आहे म्हणून लगेच कुणाशी करार करू नकोस. जवळच्या सबस्टेशनला जोडणीची क्षमता शिल्लक आहे का ते आधी विचार. ती नसेल, तर जमीन पवनचक्कीला खेटून असली तरी उपयोग शून्य.

नवखे हमखास फसतात ते मेगावॉट (एका वेळी किती वीज देता येते) आणि मेगावॉट-तास (एकूण किती वीज साठते) यांत. १०० मेगावॉटची दोन तासांची बॅटरी म्हणजे २०० मेगावॉट-तास. कोयनेचे १९६० मेगावॉट आपल्याकडं सगळ्यांना पाठ. पाणी किती तास पुरेल, हे कुणी विचारत नाही!

पैशाच्या हिशेबातही असंच फसायला होतं:
- बॅटरी वापरायला देण्याचं भाडं मिळतं. २०२२ च्या मोठ्या निविदेत मेगावॉटमागे महिन्याला सुमारे १०.८ लाख रुपये दर निघाला; २०२५ मध्ये काही ठिकाणी तो २ लाखांच्या आसपास आला. जुन्या दरावर हिशेब मांडून बँकेत जाऊ नकोस.
- भरलेली सगळी वीज परत मिळत नाही. साधारण १५ टक्के घट धर.

सेलचं रसायनशास्त्र सध्या राहू दे. वीज एक्स्चेंजचे (म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराचे) दुपारचे आणि संध्याकाळचे दर रोज वहीत उतरवत जा. फुकट बघायला मिळतात. जमतंय तुला, घाई तेवढी नको.