स्टॅनफर्ड अटलांटिकच्या गटात कसं?

प्रश्न : सर, नमस्कार. माझी भाची कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. तिच्या घराजवळचं स्टॅनफर्ड विद्यापीठ 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये खेळतं, असं ती परवा फोनवर सांगत होती. स्टॅनफर्ड तर पॅसिफिकच्या बाजूला, अटलांटिक पार दुसऱ्या टोकाला. हे कसं काय? आणि कॉन्फरन्स म्हणजे नेमकं काय असतं? – एक वाचक, निपाणी

उत्तर : भाची म्हणते ते खरं आहे बघा. २०२४पासून स्टॅनफर्ड आणि शेजारचं बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, दोघंही त्या गटात आहेत.

आधी कॉन्फरन्स समजून घेऊ. आपल्याकडे विद्यापीठ आपल्या कॉलेजांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा घेतं, त्यातून पोरं निवडतं आणि त्यांना विद्यापीठाचा ब्लू, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचा मान, मिळतो. अमेरिकेत अख्खं विद्यापीठच एक संघ असतं. अशी दहा-पंधरा विद्यापीठं मिळून गट करतात, हंगामभर आपसात खेळतात, आपला विजेता ठरवतात आणि सामने दाखवायचे हक्क टीव्हीवाल्यांना एकत्र विकतात. सगळं रामायण या शेवटच्या कलमातलं आहे.

१९८४पर्यंत कॉलेज फुटबॉलचा कुठला सामना टीव्हीवर दिसेल, हे एनसीएए ही त्यांची राष्ट्रीय संस्था ठरवत असे. (हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हातात घेऊन पळायचा, आपल्या लेले ग्राउंडवरचा नव्हे.) ओक्लाहोमा विद्यापीठ आणि जॉर्जिया विद्यापीठ यांनी त्याविरुद्ध दावा लावला. सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी संस्थेची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून ज्याच्या गटात मोठी नावं जास्त, त्याचा करार मोठा. गट फुगू लागले ते त्यामुळं. १८९६ साली सुरू झालेल्या 'बिग टेन'मध्ये आज अठरा विद्यापीठं आहेत. नाव मात्र दहाचंच. २०२२मध्ये त्यांनी फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरच्या वरचा.

स्टॅनफर्डचा जुना गट म्हणजे पॅक-१२. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांनी १९१५ साली घातलेला पाया. लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही दोन मोठी नावं २०२२च्या जूनमध्ये 'बिग टेन'ला जायचं जाहीर करून बसली. ती गेल्यावर टीव्हीवाले मनासारखी रक्कम देईनात. २०२३च्या जुलैत कोलोराडो गेलं आणि ४ ऑगस्टला एका दिवसात पाच विद्यापीठांनी गट सोडला. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांनी अटलांटिकच्या गटाचं दार गाठलं, तेही सुरुवातीची काही वर्षं टीव्हीच्या पैशातला जेमतेम तीस टक्के वाटा घ्यायचं कबूल करून. टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठानं तर नऊ वर्षं त्या पैशाला हात लावणार नाही, असं सांगून प्रवेश मिळवला. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच मागं राहिली. त्यांनी बोईसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट अशी विद्यापीठं जोडून २०२६पासून गट पुन्हा उभा करायचं ठरवलं. त्यांच्या या चिकाटीचं मला फार कौतुक वाटतं.

आता माझं मत. मी आयुष्यभर बेळगावात कॉलेजचा फिजिकल डायरेक्टर होतो, कबड्डी-खोखोचे संघ घेऊन हिंडलो. म्हणून मला फुटबॉलवाल्यांची तितकी काळजी नाही. त्यांचा सामना आठवड्यातून एक, शनिवारचा बहुतेक. पण त्याच विद्यापीठाच्या व्हॉलीबॉलच्या, सॉफ्टबॉलच्या मुली आठवड्याला दोन-तीन सामने खेळतात, आणि फुटबॉलसाठी गट बदलला की त्यांचाही बदलतो. न्यू जर्सीचं रटगर्स आणि सिॲटलचं वॉशिंग्टन आज एका गटात आहेत. मधलं अंतर चार हजार किलोमीटरच्या आसपास. घड्याळात तीन तासांचा फरक. आमच्या मुली विजापूरहून रात्रभर एसटीनं येऊन सकाळी डोळे चोळत पेपरला बसलेल्या मी पाहिल्यात. मुलीनं खेळ सोडला तर बहुतेक वेळा त्यामागं हरणं नसतं. प्रवास आणि बुडालेले तास असतात. त्या सॉफ्टबॉलच्या मुलींना या व्यवहारात कुणी विचारलंही नसेल, याचा मला खरोखर राग येतो.

फुटबॉलचा गट वेगळा ठेवा, बाकीच्या खेळांना घराजवळ खेळू द्या. हे अशक्य नाही. नोत्र डाम विद्यापीठाचा फुटबॉल कुठल्याच गटात नाही, त्यांचे बहुतेक खेळ अटलांटिकच्या गटात आहेत आणि पुरुषांची आइस हॉकी 'बिग टेन'मध्ये. एका विद्यापीठाला जमतं ते सगळ्यांना का जमू नये?

आणखी एक नुकसान पैशात मोजता येत नाही, ते म्हणजे जुन्या जोड्या तुटण्याचं. टेक्सास आणि टेक्सास ए-अँड-एम यांचा सामना २०११नंतर बंद पडला, कारण एकानं गट बदलला. दुसराही त्याच गटात आला तेव्हा कुठं २०२४मध्ये तो पुन्हा झाला. मधल्या काळात कॉलेजात येऊन गेलेल्या पोरांना तो सामना मिळालाच नाही.

हे आपल्याला कळायला अवघड नाही. २०१०मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं आणि बेळगाव, विजापूर, बागलकोटची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून बाहेर पडली. इथं पैशाचा संबंध नव्हता, जवळ विद्यापीठ असावं हा हेतू होता, आणि तो चांगलाच होता. इथल्या पोरांना ब्लू मिळण्याची संधीही वाढली. पण बेळगाव-धारवाड ही लढत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून गेली. धारवाडची टीम आली की आमच्या मैदानाच्या कडेला उभं राहायला जागा नसायची. कानडी-मराठी दोन्हीतून ओरडा चालायचा आणि सामना संपल्यावर दोन्हीकडची पोरं एकाच गाड्यावर भजी खात उभी असायची.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला पालक. मुलगी कॉलेजात कबड्डी खेळते. आमच्या मुलींना कोल्हापूरच्या कॉलेजांशी खेळता येईल का? – एक पालक

उत्तर : विद्यापीठाच्या अधिकृत स्पर्धेत नाही. कर्नाटकातली विद्यापीठं दक्षिण विभागात खेळतात आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात. कोल्हापूर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलं तरी गाठ पडायची तर दोघांनीही आपापल्या विभागातून वर येऊन अखिल भारतीय फेरी गाठायला हवी.

पण निमंत्रितांच्या स्पर्धांना ही अडचण नाही. गडहिंग्लज, कागल भागात मंडळं आणि तालमी कबड्डीच्या खुल्या स्पर्धा भरवतात. मुलींचा गट आहे का, सामने मॅटवर आहेत की मातीवर आणि राहायची सोय काय, ही चौकशी आधी करा. कॉलेजच्या सरांकडून प्राचार्यांचं परवानगीपत्र आणि मुलींची ओळखपत्रं घेऊन जा. सोबत एखादी बाई शिक्षिका असावी. परीक्षेचं वेळापत्रक लागलं असेल तर त्या आठवड्यात जाऊ नका.