हरकत घेतली म्हणून पंचाला डावलता येतं का?

प्रश्न : मी शालेय कबड्डीचा पंच आहे, पंच परीक्षा उत्तीर्ण. जिल्हा स्पर्धेत एका पंचाला तो जिथे शिक्षक आहे त्याच शाळेच्या सामन्यावर उभं केलं. मी लेखी हरकत घेतली. तेव्हापासून दोन हंगाम मला एकही सामना नाही. क्रीडा कार्यालय म्हणतं, नावं कबड्डी संघटना देते. सचिव म्हणतात, हा आमचा अंतर्गत मामला. कोर्टात जाऊ का?

उत्तर : लगेच नको. पंचगिरी ही नोकरी नव्हे. अमुक सामने मिळालेच पाहिजेत असा हक्क कोर्ट देणार नाही. पण हरकत घेतली म्हणून तुमचं नाव विचारातच न घेणं, हा मनमानीपणा आहे आणि तिथे तुमची बाजू भक्कम आहे.

स्पर्धा कोणाची, हे आधी पाहा. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा परिषद आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय भरवतं. पंचांची नावं संघटनेकडून मागवली, तरी जबाबदारी कार्यालयाचीच राहते, आणि त्याला संविधानाचं अनुच्छेद १४, म्हणजे सर्वांना समान वागणूक देण्याचं बंधन, लागू आहे. 'अंतर्गत मामला' हे उत्तर इथे चालत नाही. या सामन्यांवर मुलांची पुढची निवड ठरते. राज्य पातळीवर पोचलेल्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. म्हणून तुमची हरकत मला मोलाची वाटते.

आता दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून क्रीडा कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या. 'मला का नेमलं नाही' असं विचारू नका. या कायद्यात कागद मिळतो, खुलासा नाही. तीन हंगामांच्या सामनानिहाय पंच याद्या, संघटनेशी झालेला पत्रव्यवहार, तुमच्या हरकतीवरची टिपणी आणि मुख्य म्हणजे पंचांच्या मानधनाची देयकं मागा. कोण किती सामन्यांना उभा राहिला हे देयकांतून कळतं, आणि सरकारी पैशाचा हिशेब सहसा दडवता येत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

कागद हाती आले की क्रीडा परिषदेचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्या. पाळीपाळीने नेमणूक आणि स्वतःच्या शाळेच्या सामन्यावर बंदी, एवढ्या दोनच मागण्या ठेवा. तिथेही दाद लागली नाही, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आहेच. सार्वजनिक काम करणाऱ्या खासगी क्रीडा संस्थेविरुद्धही तिथे दाद मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात म्हटलं. तरी जिल्हा संघटनेपेक्षा भर कार्यालयावरच ठेवा.

तोवर पंचांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सचिवांबद्दल काही लिहू नका. बदनामीचा उलटा दावा अंगावर येईल. आणि तुमच्या हरकतीची पोच जवळ नसेल, तर आवक नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत याच अर्जात मागून घ्या.