रंगमंचावरचा धूर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तालमीत आमचं फॉग मशीन उत्तम चालतं. प्रयोगात मात्र स्मशानाच्या प्रवेशाला धूर येतच नाही आणि दोन मिनिटांनी भलत्याच संवादावर येतो. मशीन बिघडलं असेल का?

बहुधा नाही, ते थंड पडलेलं असतं. पंप टाकीतल्या धुराच्या लिक्विडला तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातून ढकलतो. तिथे त्याची वाफ होते, आणि नोझलबाहेरची गार हवा लागली की त्या वाफेचे बारीक थेंब बनतात. हाच आपला धूर. प्रत्येक फवाऱ्यागणिक ठोकळ्यातली उष्णता कमी होते आणि एका मर्यादेखाली थर्मोस्टॅट पंप थांबवतो. तसं केलं नाही तर धुराऐवजी गरम लिक्विडच बाहेर उडेल. ४०० वॅटच्या छोट्या मशीनला अशी विश्रांती वरचेवर लागते.

म्हणून खोक्यावरच्या ‘मिनिटाला इतके घनफूट’ या आकड्यावर विसंबू नका, तो मोजायची प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. विकत घेण्याआधी समोर चालवून बघा : धूर सलग किती सेकंद टिकतो आणि मशीन पुन्हा तयार व्हायला किती वेळ घेतं? मध्यम आकाराच्या रंगमंचासाठी मी १००० वॅटच्या खाली उतरणार नाही. आहे त्याच मशीनवर भागवायचं असेल तर आधीच्या प्रवेशात धूर सोडू नका, आणि विंगेतल्या माणसाने ‘तयार’चा दिवा लागल्याची खात्री करूनच प्रकाशयोजनाकाराला खूण द्यावी. मशीनला थेट वीज द्या. डिमरच्या, म्हणजे दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या, लाइनवर ते कधीही जोडू नका.

प्रश्न : नुसते प्रकाशाचे झोत दिसायला हवेत, ढग नकोत.

मग हेझर घ्या. तो पातळ, एकसारखं धुकं हवेत तरंगत ठेवतो. फॉग मशीन कमी-कमी चालवून तो परिणाम साधत नाही, गठ्ठे दिसतात.

प्रश्न : लिक्विड महाग पडतं. ग्लिसरीन आणि पाणी मिसळून घरी केलं तर?

कृपया करू नका. हीटरचं तापमान त्या-त्या लिक्विडसाठी ठरवलेलं असतं. ग्लिसरीन जास्त तापलं की विघटन होऊन अ‍ॅक्रोलीन तयार होतं, आणि त्याने डोळे-घसा चुरचुरतात. नटाला त्याच हवेत श्वास घेऊन संवाद म्हणायचे असतात! नळाच्या जड पाण्यातले क्षार नोझलही तुंबवतात. कंपनीने सांगितलेलंच लिक्विड वापरा आणि टाकी रिकामी असताना पंप चालवू नका.

प्रश्न : जमिनीलगत सरकणाऱ्या धुरासाठी ड्राय आइस चालेल?

दृश्य सुंदर दिसतं, पण नीट विचार करा. ड्राय आइस म्हणजे उणे ७८.५ अंशांचा घनरूप कार्बन डायऑक्साइड. उघड्या हाताला तो भाजल्यासारखी इजा करतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तर डबा फुटतो. त्याचा वायू हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो. प्रवेशात कुणी रंगमंचावर आडवं पडलेलं असेल किंवा समोरच्या खड्ड्यात वादक बसले असतील, तर त्यांचा प्राणवायू कमी होतो. अशा प्रवेशात मी नकोच म्हणेन. साधा धूर बर्फातून गार करून सोडणारी मशीन मिळतात, ती पाहा. तोही धूर खाली राहतो, मात्र गरम झाला की वर चढतो, म्हणून प्रवेश छोटा ठेवा. फरशी ओलसर, निसरडी होते. नृत्य असेल तर मध्ये पुसायला माणूस ठेवा.

प्रश्न : धुराने अलार्म वाजेल का?

वाजू शकतो. डिटेक्टर स्वतः झाकू नका. नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाला आधी कळवा. त्या भागातला अलार्म बंद ठेवायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं. बंद ठेवला तर तेवढा वेळ आगीवर नजर ठेवणारा माणूस नेमायला सांगा, आणि प्रयोग संपताच यंत्रणा पुन्हा सुरू झाली का ते स्वतः विचारून घ्या.