बिनटर्बोच्या गाडीला थंड हवा पाजून उपयोग होतो का?

प्रश्न असा आहे: स्विफ्ट १.२ पेट्रोल, टर्बो नाही, हाताशी तीस हजार. इंटरकूलर किंवा कोल्ड एअर इनटेक (इंजिनाला गार हवा देतो म्हणून विकला जाणारा पाईप आणि फिल्टर) बसवला तर गाडी घाटात जास्त ओढेल का, आणि किट कोणतं घ्यावं?

कोणतंच घेऊ नका. इंटरकूलर तर अजिबात नको. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापून शंभर अंशांच्याही वर जाते, म्हणून तिला निववायला इंटरकूलर लागतो. तुमच्या गाडीत हवा दाबणारं कुणी नाहीच. आणि इंटरकूलर गार करतो तो बाहेरच्याच हवेने. बाहेर ३५ असेल तर तो आतल्या हवेला ३५ च्या खाली नेणार कसा? दूध तापलंच नाही तर फुंकर कशावर मारायची? वर त्या जाळीतून हवा ओढायचा त्रास इंजिनाला फुकटचा.

राहिला कोल्ड एअर इनटेक. तो मी बसवला होता. साताऱ्यात, २०१६ च्या मे महिन्यात, हीच गाडी, हेच इंजिन. डोक्यात भरवलं मेहुण्याने. कंपनीचा एअर फिल्टरचा प्लॅस्टिकचा डबा काढला, चकचकीत ॲल्युमिनियमचा पाईप आणि लाल कोन फिल्टर आला, चौदा हजार गेले. ॲक्सिलेटर दाबला की असा घोगरा आवाज यायचा की मलाही वाटलं, पिकअप वाढला. आवाजाला पॉवर समजणं हा आपला जुना रोग.

मग यवतेश्वरच्या घाटात चाचणी. जुन्या डब्यावरची वेळ आधीच घेतलेली होती: दुपारी दोनला, गाडीत चौघं, एसी चालू, बाहेर ३७. नव्या पाईपवरची घेतली पहाटे साडेपाचला, गाडीत दोघं, एसी बंद, बाहेर २२. मेहुणा मोबाईलवर सेकंद मोजत होता. वर पोचलो तसा ओरडला, "दाजी, चौदा सेकंद कमी! सुटलीया बघा गाडी!" मीही खूश. घरी येऊन चहा पिताना लक्षात आलं की एकाच गोष्टीचा फरक मोजायचा म्हणून आपण चार गोष्टी बदलल्या. १५ अंशांचा फरक म्हणजेच हवा पाचेक टक्के दाट, तीही फुकट, पाईप असो वा नसो.

मी शांत बसलो नाही. सातशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर आणला आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान मोबाईलवर बघायला लागलो. पोवई नाक्यावर गर्दीत दहा मिनिटं अडकलो, बाहेर ३६, आकडा ६३! कोन फिल्टर बॉनेटखाली उघडा बसलेला, रेडिएटरची गरम हवा पीत होता. नाव कोल्ड एअर. पुढच्या रविवारी जुना डबा परत लावला, तीच जागा, जवळपास तेवढीच गर्दी: ४८. कंपनीच्या डब्याचं तोंड मुळातच पुढे ग्रिलच्या बाजूला, गार हवेत काढलेलं असतं. ते ज्यांनी बसवलं त्यांना काही कळत नव्हतं असं आपण का धरून चालतो, देव जाणे.

मग पहाटे, दोघंच, एसी बंद, जुन्या डब्यावर घाट पुन्हा चढलो. पाईपवाल्या वेळेपेक्षा दोन सेकंद कमीच लागले. मेहुण्याचं उत्तर: "दाजी, त्या दिवशी तुमचा पाय नीट पडला नसंल." दर दिवाळीला हा विषय निघतो आणि बायको उठून आत जाते.

हिशोब सांगतो. आत येणारी हवा खरोखर १० अंशांनी गार केली, तर ती साधारण तीन टक्के दाट होते. ८३-८४ बीएचपीच्या इंजिनाला फार तर दोन-अडीच बीएचपी, तेही पाय पूर्ण दाबल्यावर. कराडकडे ऐंशीने निवांत चाललात तर थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारा पडदा, अर्धवटच उघडा असतो, म्हणजे हवा तुम्हीच अडवून धरलेली असते. मग ती गार काय नि गरम काय. आणि घाटाचंच म्हणाल तर साताऱ्यातून कासला जाताना पाचशेएक मीटर चढतो आपण, तेवढ्यात हवा पाच टक्के विरळ होते. पाईपने दिलेलं डोंगर व्याजासकट वसूल करतो.

पाईपला उष्णतारोधक पट्ट्या गुंडाळा असंही कुणी सांगेल. ३००० आरपीएमला हे इंजिन सेकंदाला पंचवीसेक लिटर हवा ओढतं. दोन लिटरच्या पाईपमधून ती हवा डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाते, तापायला वेळच कुठे मिळतो? आणि फिल्टर खाली बंपरमध्ये नेऊन ठेवायचा विचार असेल तर पावसाळ्यात ओढ्याच्या फरशीवरून एकदा पाणी आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन उघडावं लागतं.

आता हेही खरं की हवा फार तापली तर नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा टाकतो आणि गाडी सुस्त होते. म्हणून एवढं बघा: डब्याला पुढून हवा आणणारी नळी जागेवर आहे का? पुढून ठोकर बसून दुरुस्त झालेल्या गाडीत ती पुष्कळदा गायब असते. ईसीयू रीमॅप, कॅमशाफ्ट वगैरे सगळंच बदलून ट्रॅकवर पळवणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे दोन बीएचपीलाही किंमत आहे. तुमच्या तीस हजारांत चांगले टायर येतील, घाटात उपयोग त्यांचा.

आणि मेहुणा हे वाचत असेल तर: डिसेंबरात ये. पाईप माळ्यावर आहे, दोन्ही फेऱ्या तूच चालव, घड्याळ मी धरतो. एसी बंद.