दुकान टाकण्याआधी सुट्ट्या मोज

अगं, तुझा मेसेज परवाच आला होता, पण इकडे प्रोजेक्ट सबमिशन चालू होती आणि बाइंडिंगच्या मशीनपुढून उठायला फुरसत नव्हती म्हणून उत्तर राहिलं. तू विचारलंस की काका, कॉलेजच्या पोरांसाठी छोटंसं काहीतरी सुरू करायचंय, टीशर्ट करू की जुनी पुस्तकं करू की वस्तू भाड्याने देऊ, उधारी द्यायची का, इन्स्टावर फॉलोअर्स कसे वाढवू. एवढं सगळं विचारलंस आणि जे पहिलं विचारायचं तेच राहिलं. वर्षात कॉलेज भरतं किती दिवस?

हसू नकोस, मी स्वतः हे न विचारता झेरॉक्स-प्रिंटचं दुकान टाकलं होतं. गेटच्या अगदी समोर गाळा मिळाला, मी हवेत, मशीन आणली, बोर्ड रंगवला, ओळखीच्या चार लोकांना बोलावून उद्घाटन केलं आणि पाचव्या दिवशी पोरांचा शेवटचा पेपर झाला. त्यानंतर अडीच महिने त्या रस्त्यावर मी आणि गेटवरचा वॉचमन, दोघंच. तो रोज संध्याकाळी विचारायचा, "आज काय?" आणि मी नुसती मान हलवायचो. आम्ही दोघं सुट्टीत बसलो होतो, भाडं तेवढं कामावर होतं.

तेव्हा पहिलं काम हे कर. तू ज्या कॉलेजचा विचार करतेयस त्याचं वर्षाचं वेळापत्रक मिळव आणि वहीवर 12 महिने आखून मोठ्या सुट्ट्या, दोन सत्रांमधली गॅप, पेपरआधीची वाचायची सुट्टी हे सगळं काळं कर. माझं मोजून 8 महिने उरले. आता भाडं 12 महिने द्यायचंय आणि गल्ला 8 महिनेच वाजणारे, म्हणजे मालक जे भाडं सांगतो त्याच्या दीडपट भाडं आपल्याला पडतं असं धरूनच हिशोब करायचा. लाइटबिलातला फिक्स आकार, नेट, ठेवलेला मुलगा असेल तर त्याचा पगार, सगळ्याचं हेच गणित. बहुतेक जण इथेच मार खातात, चालू महिन्यात हातात पैसा दिसतो तो खरा वाटतो, त्यावर नवीन मशीन घेतात आणि सुट्टी लागली की हप्ता भरायला उसने मागत फिरतात. माझंच सांगतोय.

म्हणून मी तर म्हणेन पहिलं वर्ष गाळा घेऊच नकोस. कुणाच्या तरी दुकानात अर्धं काउंटर घे, घरून कर, ऑर्डर घेऊन गेटवर नेऊन दे. गाळा घ्यायचाच असेल तर मालकाला सरळ विचार की सुट्टीच्या महिन्यांत भाडं कमी करता का, फार तर नाही म्हणेल.

आता त्या 8 महिन्यांतही रोज सारखा धंदा नसतो बरं का. मी एक जाड रजिस्टर ठेवतो, रोज रात्री गल्ला लिहितो आणि पुढे एक ओळ, आज काय होतं. तीन वर्षांची पानं समोर ठेवून बघितली तेव्हा कळलं की कमाईचे आठवडे जेमतेम बारा. नवीन पोरं येतात ते तीन आठवडे, प्रत्येक सत्राच्या शेवटी सबमिशन, फेस्टच्या आधीचे आठ-दहा दिवस, आणि सेंडऑफ. बाकी वेळ दुकान उघडं असतं म्हणून उघडं.

आणि त्या बारा आठवड्यांत पोरं घेतात काय ते नीट बघ. परवाचाच प्रसंग सांगतो. सकाळी साडेनऊला एक मुलगा पळत आला, पेनड्राइव्ह पुढे केला, अकराला सबमिशन. फाइल वर्डमध्ये, त्याच्या लॅपटॉपवर जो फॉन्ट होता तो माझ्याकडे नाही, उघडल्याबरोबर सगळं खाली सरकलं, आकृती एका पानावर आणि तिचं नाव दुसऱ्या पानावर, 62 पानांची 66 झाली. पोराचा चेहरा पांढरा. मी म्हटलं थांब, घरी कोण आहे, रूममेटला फोन लाव, लॅपटॉप उघडायला सांग आणि तिथूनच पीडीएफ करून पाठवायला सांग. पीडीएफ आली, मग बघतो तर डावीकडे समास इतका कमी की स्पायरलची भोकं थेट अक्षरांवर पडणार. प्रिंटच्या सेटिंगमध्ये जाऊन पान थोडं लहान केलं आणि उजवीकडे सरकवलं, प्रिंट काढली, दहा-बारा पानांचे गठ्ठे करून पंच केले (एकदम जाड गठ्ठा घातला की भोकं तिरकी होतात आणि मग कॉइल जात नाही, हे शिकायला माझे दोन प्रोजेक्ट वाया गेलेत), कव्हर लावलं, आणि मग तो म्हणतो काका रोल नंबर चुकलाय. पुन्हा कव्हर. दहा पंचावन्नला गेला. किती झाले हे त्याने विचारलं सुद्धा नाही, पैसे ठेवले आणि पळाला.

हाच मुलगा एरवी चार पानांच्या झेरॉक्सवर घासाघीस करतो. पोरांकडे पैसे नसतात असं सगळे म्हणतात, ते खरंही आहे, पण एका ठरावीक आठवड्यात त्यांच्याकडे वेळ त्याहून कमी असतो आणि आपला धंदा त्या आठवड्यावर उभा असतो. तू काहीही विकायला घे, टीशर्ट, पुस्तकं, काहीही, स्वतःला विचार की कुठल्या दिवशी कुठल्या पोराची कशावाचून अडचण होणारे. दिवस सांगता येत नसेल तर वस्तू कितीही गोड असली तरी "छान आहे" म्हणून निघून जातील.

पण अडलेल्याला पिळू नकोस हां. दुसऱ्या वर्षी मी तो शहाणपणा केला, सबमिशनच्या आदल्या रात्री रेट दुप्पट. दिले सगळ्यांनी. पुढच्या सत्रात त्या वर्गाच्या सीआरने, म्हणजे वर्गप्रतिनिधीने, अख्ख्या वर्गाची प्रिंट दुसरीकडून आणली, माझ्या दुकानावरून गठ्ठा घेऊन गेला, माझ्याकडे न बघता. आणि सीनियर जे बोलतो ते ज्युनियरला पाठ असतं, त्यामुळे ती एक रात्र मला पुढच्या दोन बॅचपर्यंत पुरली. अर्जंटचा वेगळा रेट ठेवायला हरकत नाही, पण तो वर्षभर बोर्डावर लिहिलेला हवा.

यातूनच दुसरी गोष्ट येते, गिऱ्हाईक टिकत नाही. तुझं काही न चुकता टिकत नाही. चार वर्षांचा कोर्स असेल तर दर वर्षी साधारण पाव गिऱ्हाईक डिग्री घेऊन निघून जातं, तीन वर्षांचा असेल तर तिसरा हिस्सा. किराणावाला वीस वर्षं तीच घरं सांभाळतो, आपल्याला दर वर्षी नव्याने ओळख करून द्यावी लागते. म्हणून नवीन बॅचचे पहिले तीन आठवडे सोन्याचे. तेव्हा त्यांना काहीच माहीत नसतं, फॉर्म कुठला, फोटो किती लागतात, फाइल कुठल्या रंगाची, कुणाला विचारायचं. जो सांगेल तो त्यांचा माणूस. मी त्या काळात काउंटरवर एक कागद चिकटवतो, कुठल्या ऑफिसात काय लागतं, किती प्रती, खिडकी कितीला बंद होते. फुकट. त्यासाठी थांबलेली पोरं पुढची तीन-चार वर्षं माझ्याकडेच येतात.

या धंद्यातला माझा आवडता माणूस म्हणजे किंकोज या झेरॉक्स दुकानांच्या साखळीचा पॉल ऑर्फलिया. अमेरिकेत सांता बार्बराच्या युनिव्हर्सिटीजवळ 1970 मध्ये त्याने एक कॉपी मशीन भाड्याने घेऊन दुकान टाकलं, आणि जागा एवढीशी की मशीन ढकलत बाहेर फुटपाथवर आणायला लागायची. वाचण्याचा त्याला लहानपणापासून त्रास, डिस्लेक्सिया, पण पोरं कशाला अडतात हे बरोबर वाचलं. संध्याकाळी वह्या-पेनं पाठीवरच्या बॅगेत भरून होस्टेलमध्ये खोल्याखोल्यांतून विकायचा. गिऱ्हाईक दुकानात येईना तर दुकान गिऱ्हाइकाकडे. पुढे ते एवढं वाढलं की 2004 मध्ये फेडेक्स या कुरिअर कंपनीने 2.4 अब्ज डॉलरला विकत घेतलं. तू तेवढं मोठं हो असं म्हणत नाहीये, ती बॅग लक्षात ठेव.

त्याच किंकोजची दुसरी गोष्टही ऐक. प्राध्यापकांनी निवडलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं झेरॉक्स करून, एकत्र बांधून ते पोरांना विकायचे. प्रकाशक कोर्टात गेले आणि 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात किंकोज हरलं, मोठी भरपाई द्यावी लागली. तेव्हा पुस्तकांच्या झेरॉक्सचे गठ्ठे करून विकायचा विचार डोक्यात आला तर आधी आपल्याकडचा कायदा बघ, देशोदेशी तो वेगळा असतो. सगळे करतात हे उत्तर कोर्टात चालत नाही.

आता तुझे टीशर्ट. बॅचचे टीशर्ट म्हणजे पैसा दिसतो पण त्यात वर्ष छापलेलं असतं, आणि वर्ष छापलेली वस्तू सेंडऑफच्या दुसऱ्या दिवशी पोछा होते. माझ्याकडे अजून एक खोका आहे, सगळे एक्सएल, मशीन पुसायला काढतो. तेव्हा नियम असा की अर्धे पैसे आधी, साइझची यादी सीआरच्या सहीने, नावांची स्पेलिंग त्यांनीच तपासलेली, आणि जितकी यादी तितकेच टीशर्ट. छापणारा म्हणेल पन्नासच्या पटीत घ्या स्वस्त पडतील, पडू देत. आणि एक नमुना छापून आणून वर्गाला हातात दे, मोबाइलवरचा रंग आणि कापडावरचा रंग यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, नंतर भांडणं होतात.

जुन्या पुस्तकांत दम आहे पण पैसा अडकतो. पोरं पुस्तक विकतात वर्ष संपताना, घेतात वर्ष सुरू होताना, म्हणजे अख्खी सुट्टी तुझं भांडवल कपाटात झोपणार, आणि तेवढ्यात सिलॅबस बदलला किंवा नवीन आवृत्ती आली तर गेलं रद्दीत. म्हणून विकत घेऊ नकोस, ठेवून घे. पुस्तकावर मालकाचं नाव आणि नंबर, विकलं की त्याला त्याचे पैसे, तुला तुझा हिस्सा, नाही विकलं तर घेऊन जा बाबा. कमाई कमी होते पण रात्री झोप लागते.

तिसरं, भाड्याने देणं, हे तू यादीत शेवटी लिहिलंयस आणि मला सगळ्यात तेच आवडलं. चेग नावाची कंपनी आहे, आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या पोरांनी सुरू केलेली, आधी नुसत्या जाहिरातींची साइट होती, वेग पकडला तो 2007 पासून पाठ्यपुस्तकं भाड्याने द्यायला लागल्यावर. बघ ना, कॉलेजमध्ये कितीतरी गोष्टी एकाच सत्रापुरत्या लागतात, ड्रॉइंग बोर्ड, त्यावर रेघा मारायचा ड्राफ्टर, लॅबचा एप्रन, प्रेझेंटेशनच्या दिवशीचा ब्लेझर, फेस्टला स्पीकर. विकत घ्यायला जिवावर येतं आणि नंतर पलंगाखाली पडून राहतं. तीच वस्तू चार बॅच फिरली तर तिसऱ्या-चौथ्या फेरीला जे येतं ते जवळपास सगळं तुझं. मात्र डिपॉझिट घेतल्याशिवाय सुईसुद्धा देऊ नकोस, आणि वस्तू देताना दोघांसमोर फोटो काढून ठेव, स्क्रू ढिला होता की नाही यावर मी अर्धा अर्धा तास वाद घातलाय. ओळखपत्र मात्र गहाण ठेवून घेऊ नकोस, परीक्षेच्या दिवशी ते लागतं आणि तू त्या दिवशी दुकान उशिरा उघडलंस तर पोराचं वर्ष जाईल.

उधारीबद्दल, एकट्याला देते, ग्रुपला नाही, एवढंच ठरव. चौघांच्या प्रोजेक्टची उधारी कुणाचीच नसते.

आणि इन्स्टा. पेज काढ, वेळ आणि रेट टाक, बस. त्यांच्यासारखी भाषा वापरायला जाऊ नकोस, मी एकदा बोर्डावर काहीतरी कूल लिहिलं होतं, पोरं फोटो काढून हसत होती. तुझी जाहिरात म्हणजे वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं "अर्जंट कुठे मिळेल रे" आणि कुणीतरी तुझा नंबर टाकतं, तो मेसेज. त्यासाठी फोन उचलावा लागतो. रात्री अकरालाही.

हो, एक राहिलं. प्रिंटचं काम घेतलंस तर पोरांच्या फाइली तुझ्या कॉम्प्युटरवर राहतात. ओळखपत्रं, मार्कशीट, बँकेची पासबुकं, मुलींचे फोटो. रोज रात्री शटर ओढायच्या आधी सगळं डिलीट, रिसायकल बिनसकट. मशीनपाशी बसवलेल्या मुलालाही बजावून ठेव. यात मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

आता हे कर. पुढचे दोन आठवडे काही विकू नकोस. वही घेऊन गेटपाशी बस, सकाळी कॉलेज भरताना एक तास आणि सुटताना एक तास. कोण काय हातात घेऊन येतं, कशासाठी चालत चौकापर्यंत जातं, काय न मिळाल्याने परत येतं, लिही. ती पानं आणि काळे केलेले 12 महिने, दोन्हीचे फोटो मला पाठव, मग टीशर्ट की ड्राफ्टर ते बोलू. फक्त फोन शुक्रवारनंतर कर, तोपर्यंत शेवटच्या वर्गाची सबमिशन आहेत आणि स्पायरलच्या काळ्या कॉइल संपत आल्यात, त्या आणायला जायचंय.

काका