सांगली-सातारा भागात बायकांना मोकळेपणी बोलता येईल, बाळंतपणाचे अनुभव सांगता येतील अशी जागा कुठे आहे? नसेल तर कशी सुरू करावी?

तासगाव तालुक्यात आमच्याच घरी होती. पडवी. एका कोपऱ्यात जातं, दुसऱ्या कोपऱ्यात शेवयांचा पाट, आणि उन्हाळ्यात रोज दुपारी गल्लीतल्या सात-आठ जणी.

माझी धाकटी तेव्हा दीड महिन्याची. मला झोप नव्हती. पोर रडली की छातीत धस्स व्हायचं आणि जवळ घ्यावंसंच वाटायचं नाही. हे सांगणार कुणाला? शेजारच्या आक्का पाटावर पिठाची वळी ओढत होत्या, मी खाली लोंबणाऱ्या शेवया झेलून काठीवर टाकत होते. मान वर न करता त्या म्हणाल्या, "थोरल्याच्या वक्ताला मला पोर नगंसं झालं हुतं. हिरीकडं जायचं भ्या वाटायचं." कुणी हात थांबवला नाही. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. मग मीही बोलले. दुसऱ्या दिवशी आक्कांनीच सासूबाईंना गाठलं आणि मला दवाखान्यात नेलं.

पुढच्या वर्षी सासऱ्यांनी गाडीच्या शेडसाठी पडवी पाडली. "बायका काय, कुठंबी बसत्यात." नाही बसत. बारा वर्षं झाली. आता त्या संक्रांतीला भेटतात, वाण घेतात, निघतात.

आणि 'नुसत्या गप्पा' म्हणू नका. हेमा राईरकर आणि गी प्वात्वँ या संशोधकांनी लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या अशाच जात्यांवरच्या. आणि बायका एकत्र आल्या की काय होतं बघा: साताऱ्यातल्या म्हसवडच्या बायकांना स्वतःची बँक काढायची होती, तर लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता. १९९७ साली त्यांनी तो मिळवलाच.

तुम्ही सुरू करणार असाल तर हॉल घेऊ नका, वक्ते बोलावू नका. हाताला काम द्या, शेवया नाहीतर शेंगा फोडणं. पुरुषांची ये-जा नको.

एक मात्र आहे, म्हाताऱ्यांचं सगळंच खरं नसतं. आमच्याकडं पहिला चीक पिळून टाकायला लावायच्या, बाळाला मध चाटवायच्या. दोन्ही चूक. चीक पहिल्या तासातच पाजावा, मध वर्षाच्या आत देऊच नये. आणि माझ्यासारखी अवस्था दोन आठवड्यांपुढं गेली तर गप्पांवर भागवू नका, डॉक्टरांकडं न्या.

जागा शक्यतो ग्रामपंचायतीकडून लेखी मागून घ्या. घरातच करायची असेल तर आधी घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावा. आमचं सासूबाईंच्याही नावावर असतं, तर पडवी पाडण्याआधी त्यांना विचारावं लागलं असतं. हे मी सासऱ्यांच्या तोंडावर बोलले आहे.